आजोबांचे मित्र विरुद्ध संघातले: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच विषय होता. आजोबा एका संघाचे, त्यांचे जिवलग मित्र कट्टर प्रतिस्पर्धी संघाचे, आणि ही मैत्री टिकली पन्नास-साठ वर्षं. नातवंडांना ती नीट जपायची आहे. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: माझे आजोबा ८४ वर्षांचे आहेत. ते फुटबॉलमध्ये आघाडीला खेळायचे. समोरच्या संघाचे गोलरक्षक हे त्यांचे सर्वांत जवळचे मित्र, वय ८६. दोघांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून पुस्तिका काढायची आहे. दोघांना एकत्र बसवून बोलतं करावं का?

एकत्र बसवाच, पण पहिल्या बैठकीत नको. आधी दोघांशी वेगवेगळं बोला आणि तिसऱ्या बैठकीला एकत्र आणा. दोन जुने मित्र शेजारी बसले की जो आधी बोलतो त्याची हकीकत पक्की होते. दुसऱ्याची आठवण थोडी निराळी असली, तरी तो नकळत पहिल्याच्या मागे जातो. शिवाय दोघांना ठाऊक असलेली गोष्ट दोघंही अर्ध्यावर सोडतात. एक म्हणतो, ‘तो चिखलातला सामना…’, दुसरा नुसता हसतो आणि ध्वनिमुद्रणात हसण्याखेरीज काही राहत नाही.

‘तुमच्या मैत्रीबद्दल सांगा’ असं विचारू नका. त्याला ‘फार चांगला माणूस’ एवढंच उत्तर मिळतं. प्रश्न खेळाचे विचारा, मैत्री त्यातूनच बाहेर येते. पेनल्टीच्या वेळी तो कुठे झेपावेल याचा अंदाज तुम्ही कशावरून बांधत होता? त्याची कुठली खोड तुम्हाला ठाऊक होती आणि ती तुम्ही स्वतःच्या संघाला सांगितलीत का? सामना संपल्यावर मैदानातून दोघं एकत्र निघायचात की वेगवेगळे? अबोला धरला होता असा सर्वांत मोठा काळ कुठला, आणि आधी कोण बोललं? या शेवटच्या प्रश्नाला कचरू नका. बोलणी तुटली आणि पुन्हा जुळली, तो भाग पुस्तिकेत नसेल तर मैत्री इतकी वर्षं कशी टिकली हे वाचणाऱ्याला कळणारच नाही.

कोऱ्या कागदावर मैदानाचा आयत आखून द्या आणि ‘तुम्ही कुठे होतात, तो कुठे होता, चेंडू कुठून आला’ हे पेन्सिलीने काढायला सांगा. हात चालू लागला की तपशील आठवतात. तो कागद जपून ठेवा, पुस्तिकेत छापता येतो. माणसाला साधारण १० ते ३० या वयातलं सगळ्यात जास्त आठवतं. म्हणून जन्मापासून सुरुवात करण्याऐवजी दोघं पहिल्यांदा आमनेसामने आले त्या सामन्यापासून करा. प्रश्न विचारल्यावर गप्प बसा, मनात सातपर्यंत मोजा. शांतता सहन न होऊन आपणच दुसरा प्रश्न टाकतो आणि ओठांवर आलेली गोष्ट परत जाते. एक बैठक ६० ते ७५ मिनिटांची ठेवा, त्यापुढे आवाज थकतो.

यंत्राची बाजू साधी आहे. चांगला फोन पुरतो. फोन फ्लाइट मोडवर टाका. पंखा बंद करा, कारण त्याची घरघर नंतर काढायला गेलं तर आवाजातला जिवंतपणाही जातो. फोन तोंडापासून ३० ते ४० सेंटिमीटरवर, दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर टेबलावरची प्रत्येक टकटक मुद्रणात उतरते. शक्य असेल तर डब्ल्यूएव्ही (आवाज न आक्रसता साठवणारी फाइल) प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर मुद्रण करा. एका मार्गिकेच्या (मोनो) मुद्रणाला तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते, ती आधी तपासा. पहिलं एक मिनिट मुद्रित करून इअरफोनने ऐका आणि मगच पुढे जा. सुरुवातीला तारीख, जागा आणि हजर असलेल्यांची नावं मोठ्याने बोला. संमतीही मुद्रणातच घ्या, आणि शेवटी ‘यातलं काही वगळायचं आहे का?’ हे विचारायला विसरू नका.

प्रती तीन हव्यात: दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. दुसरं घर अर्थातच मित्राचं. तासाभराचं बोलणं उतरवून काढायला पाच-सहा तास धरा. आपोआप मजकूर करणारी ॲप्स वापरलीत तरी खेळाडूंची टोपणनावं ती हमखास चुकवतात, म्हणून नावांची यादी आधीच आजोबांकडून तपासून घ्या.

प्रश्न: आजोबा म्हणतात तो अंतिम सामना आम्ही २–१ ने जिंकला. त्यांचे मित्र म्हणतात, सामना बरोबरीत सुटला आणि आठवड्याने पुन्हा खेळवला गेला. छापायचं कोणाचं?

दोघंही खरं सांगत असण्याची शक्यता मोठी आहे. तेच दोन संघ, तेच मैदान, तेच चेहरे असले की मनात दोन वर्षांचे सामने एकमेकांत मिसळतात. म्हणून आधी सामने सुटे करा. एका वहीत हंगामानुसार रकाने आखा: वर्ष, स्पर्धा, मैदान, निकाल, गोल कोणी केला, हे कोणी सांगितलं. तारीख खेळाबाहेरच्या गोष्टींवरून शोधा. परीक्षा झाली होती का, पहिली नोकरी लागली होती का, थोरल्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं का? तारखेपेक्षा वार जास्त पक्का आठवतो. ‘महिन्याची १२ तारीख आणि रविवार’ एवढं कळलं तरी जुन्या कॅलेंडरवरून चुकीची वर्षं बाद होतात.

मग वर्तमानपत्रांकडे वळा. रविवारी झालेल्या सामन्याची बातमी सोमवारच्या अंकात असते. लहान स्पर्धांची बातमी जागा मिळेल तेव्हा छापली जायची, म्हणून पुढचे सात दिवस पाहा. नुसत्या बातमीचा फोटो घेऊ नका, तारीख दिसेल असं पूर्ण पान टिपा. आडनावांचं लेखन बातम्यांत सर्रास चुकतं, त्यामुळे एकाच लेखनावर शोध थांबवू नका. क्लबचे वार्षिक अहवाल, सामन्याची छापील पत्रिका, क्रिकेट असेल तर धावफलकाची वही, या गोष्टी बातमीपेक्षा भरवशाच्या असतात. चषकावर कोरलेलं वर्ष मात्र जपून वापरा. कोरीव काम बरेचदा नंतर होतं, आणि हंगाम दोन वर्षांत विभागलेला असेल तर कुठलं वर्ष कोरलं हे सांगता येत नाही.

एवढं करूनही निकाल लागला नाही, तर दोन्ही हकिकती दोघांच्या नावानिशी शेजारी शेजारी छापा. दोन्ही मिसळून तिसरी तयार करू नका, कारण ती कोणाचीच नसते.

जगप्रसिद्ध मैत्रीतही हाच पेच आहे. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या जेसी ओवेन्सने लांब उडीत ८.०६ मीटरचं सुवर्ण जिंकलं, तर जर्मनीच्या लुट्झ लाँगने ७.८७ मीटरचं रौप्य. पात्रता फेरीत ओवेन्स अडचणीत असताना लाँगने त्याला उडी कुठून घ्यावी याचा सल्ला दिला, ही गोष्ट ओवेन्सनेच पुढे अनेक वर्षं सांगितली. इतिहासकारांना ती शंकास्पद वाटते. लाँगने सर्वांसमक्ष त्याचं अभिनंदन केलं आणि दोघं हातात हात घालून चालले, यावर मात्र वाद नाही. नाझी राजवटीत, भरल्या स्टेडियममध्ये एका जर्मन खेळाडूने हे केलं. सल्ल्याची कथा वगळली तरी या प्रसंगाचं मोल तसूभर कमी होत नाही. तुमच्या पुस्तिकेतही पक्कं काय आणि ऐकीव काय, हे वेगळं दिसू द्या.

प्रश्न: दोघांनी मिळून सामन्यांची कात्रणवही केली होती. कागद तपकिरी पडून तुटतोय. लॅमिनेशन करून घ्यावं का?

नको. लॅमिनेशनमधली उष्णता आणि गोंद कागदात कायमचे बसतात आणि पुढे ते सोडवता येत नाहीत. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य उजेड आणि हवेने तपकिरी पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद आतून ठिसूळ होतो. प्लास्टिकमध्ये बंद केल्याने ती क्रिया थांबत नाही. चिकटपट्टीही लावू नका. काही वर्षांत पट्टी निघून येते, पण तिचा पिवळा डाग कागदात तसाच राहतो.

आधी प्रत्येक पान जसं आहे तसं टिपून घ्या, कारण कोणतं कात्रण कुठल्या शेजारी चिकटवलं हीसुद्धा माहिती आहे. मग स्कॅन करा. कात्रणांना ४०० डीपीआय (एका इंचातले ठिपके), छायाचित्रांना ६०० डीपीआय, टिफ या फाइल-प्रकारात. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन केला की फाइल सुमारे २६ एमबीची होते. फोटो तिकिटाएवढा लहान असेल तर १२०० डीपीआय घ्या. कात्रणामागे काळा कागद ठेवा, म्हणजे मागच्या बाजूची अक्षरं पुढे उमटत नाहीत. आपोआप कागद ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये जुनं कात्रण कधीही घालू नका.

मूळ कात्रणं आम्लविरहित कागदाच्या घडीत ठेवा किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात. पीव्हीसी या प्लास्टिकची पाकिटं टाळा, त्यांचा चिकटपणा छपाईवर उतरतो. फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर ओढू नका. मेण नसलेला, दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढेमागे न्या. फोटो सुटला नाही तर तिथेच थांबा आणि पानासकट स्कॅन करा. फोटोमागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हात हलका ठेवून लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो.

प्रश्न: आजोबा आणि त्यांचे मित्र आता वेगवेगळ्या शहरांत राहतात. फोन चालू ठेवून दोघं एकच सामना पाहतात. पण एकाकडे गोल आधी होतो आणि तो ओरडतो, मग दुसऱ्याचा विरस होतो. शिवाय आवाज घुमतो. काय करावं?

प्रसारण सगळीकडे एकाच क्षणी पोचत नाही. उपग्रह किंवा केबलचं चित्र काही सेकंद मागे असतं. इंटरनेटवरचं चित्र तुकड्यातुकड्यांनी साठवून दाखवलं जातं, म्हणून ते आणखी मागे राहतं. हा फरक अर्ध्या मिनिटाचाही असू शकतो. दोघांनी एकच सेवा वापरली तरी तो पुरता जात नाही.

उपाय असा. सामना सुरू झाल्यावर दोघांनी पडद्यावरचं घड्याळ एकाच वेळी वाचायचं. एकाकडे ३:४० आणि दुसऱ्याकडे ३:०८ असेल तर फरक ३२ सेकंदांचा. पुढे असलेल्याने चित्र ३२ सेकंद थांबवून ठेवायचं आणि मग चालू करायचं. यासाठी सेट-टॉप बॉक्सला किंवा ॲपला थेट चित्र थांबवायची सोय हवी. ती नसेल तर दोघांनीही जी सेवा मागे आहे तीच लावावी. क्रिकेटमध्ये घड्याळ उपयोगी पडत नाही. तिथे गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटताना एकाने ‘सुटला’ म्हणायचं आणि दुसऱ्याने आपल्याकडे किती सेकंदांनी सुटला ते मोजायचं. मध्यंतरानंतर किंवा चित्र अडकून पुन्हा सुरू झाल्यावर फरक बदललेला असतो, तेव्हा पुन्हा जुळवून घ्या. धावसंख्या कळवणाऱ्या ॲपच्या सूचना दोन्ही फोनवर बंद ठेवा, त्या चित्राच्या आधी पोचतात. ही जुळवाजुळव पहिले दोन-तीन सामने नातवंडांनी करून द्यावी. पुढे आजोबांना ती जमते, मात्र पायऱ्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून टीव्हीशेजारी लावलेल्या हव्यात.

आवाज घुमतो, कारण टीव्हीचा आवाज फोनच्या माइकमध्ये जाऊन पलीकडे उमटतो. प्रेक्षकांचा गलबला वाढला की फोन तो गोंगाट समजून दाबतो आणि त्याबरोबर माणसाचं बोलणंही कापतो. टीव्ही हळू ठेवा, फोन टीव्हीपासून दूर आणि माणसाजवळ ठेवा, एका कानात इअरफोन द्या. श्रवणयंत्र ब्लूटूथचं असेल तर फोन त्यालाच जोडा. व्हिडिओ कॉलचा हट्ट धरू नका. दोघांचीही नजर सामन्यावर असते, त्यामुळे साधा आवाजी कॉल जास्त चांगला चालतो. फोन चार्जरला लावून ठेवा.

वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वर्ण निसटतात. आवाज कानावर पडतो, शब्द कळत नाही. ओरडल्याने ‘अ’, ‘आ’ यांसारखे स्वर मोठे होतात, हे वर्ण तसेच बुडालेले राहतात. मित्राच्या घरच्यांनाही सांगा: सावकाश, लहान वाक्यांत, फोनजवळ बोला.

आणि एक विनंती. दोघं एकमेकांच्या संघाला नावं ठेवतात, चिडवतात, तेव्हा ‘या वयात कशाला भांडता’ म्हणून मध्ये पडू नका. त्यांची चौकशी, काळजी, माया त्याच बोलण्यात असते. टोमणे अचानक थांबले, तर मात्र विचारपूस करा.

प्रश्न: आजोबांच्या मित्राने स्वतःचं पदक आणि जर्सी आजोबांना दिली. पदक काळं पडलंय. घासून चमकवावं का?

घासू नका. चांदीवरचा काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. प्रत्येक पॉलिशने त्याबरोबर थोडी चांदीही जाते आणि कोरलेली अक्षरं बोथट होतात. मुलामा दिलेलं पदक तर दोन-तीन वेळा घासलं की आतला धातू दिसू लागतो. मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपा, स्वच्छ हातमोजे घालून हाताळा, आम्लविरहित कागदात गुंडाळा. रबरबँड आणि लोकरी कापड लांब ठेवा, त्यांतल्या गंधकाने काळेपणा वाढतो. फीत धुऊ नका, रंग उतरतो. जर्सी हँगरला लटकवू नका, खांदे ताणले जातात. सपाट ठेवा, घड्यांमध्ये कागदाच्या सैल गुंडाळ्या घाला. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं: कोणी, कोणाला, कधी आणि कशासाठी दिलं, हे दोघांच्या सह्यांनिशी एका कागदावर लिहून त्याच डब्यात ठेवा. चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक याने १९६६मध्ये प्रागला आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या धावपटू रॉन क्लार्कला, १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं १०,००० मीटरचं स्वतःचं सुवर्णपदक दिलं. क्लार्कच्या नावावर अनेक विश्वविक्रम होते, पण ऑलिंपिकमध्ये त्याला एक कांस्यच मिळालं. या पदकाचा अर्थ आज आपल्याला कळतो, कारण देणं-घेणं कोणामध्ये आणि का झालं हे नोंदलं गेलं. तुमच्या डब्यात तो कागद नसेल तर पुढच्या पिढीला हे पदक आजोबांनीच जिंकलं असं वाटेल.

प्रश्न: पुस्तिकेच्या प्रस्तावनेत प्रसिद्ध खेळाडूंचं उदाहरण द्यावं का?

एकच द्या, तेही छोटं. आमची पसंती टेनिसपटू ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोवा यांना. दोघी ८० वेळा एकमेकींविरुद्ध खेळल्या, त्यातले ४३ सामने नवरातिलोवाने जिंकले आणि ३७ एव्हर्टने. ८०पैकी ६० सामने अंतिम फेरीचे होते. पुढे दोघींनाही कर्करोग झाला आणि त्या काळात त्या एकमेकींच्या पाठीशी राहिल्या. इथे स्पर्धाही खरी आहे आणि मैत्रीही.

प्रश्न: चार महिन्यांपूर्वी आजोबांचे मित्र गेले. तेव्हापासून आजोबा सामनाच लावत नाहीत. आम्ही काय करावं?

त्यांच्यासाठी सामना हे मित्राशी बोलायचं निमित्त होतं, म्हणून तो नकोसा होणं साहजिक आहे. परस्पर टीव्ही लावू नका, आणि सामना असल्याचं लपवूही नका. ‘आज सामना आहे, लावू का?’ असं विचारा. नाही म्हणाले तर तिथेच सोडा, पुढच्या सामन्याला पुन्हा विचारा. मित्राचं नाव घरात टाळू नका. ‘ते असते तर या निर्णयावर काय म्हणाले असते?’ हा प्रश्न बरेचदा बोलणं मोकळं करतो. मात्र त्यांची जागा भरायची म्हणून तुम्ही खोटं खोटं विरुद्ध संघाच्या बाजूने बोलू नका, ते लगेच कळतं आणि लागतं. दोन्ही संघ पहिल्यांदा पुन्हा समोरासमोर येतील तो दिवस जड जाईल, त्या दिवशी कोणीतरी घरी असा.

एक काम त्यांच्याकडे जरूर सोपवा. मित्राच्या मुलांना वडील माहीत आहेत, खेळाडू माहीत नाही. आजोबांनी सांगावं, तुम्ही लिहून घ्यावं, आणि ते पत्र त्या घरी पाठवावं. एका पत्रात एकच प्रसंग, सामना कुठला, त्याने काय केलं, तेव्हा आजोबांना काय वाटलं, आणि असल्यास एक फोटो, त्यातल्या सगळ्यांच्या नावांसह. हात कापत असेल तर सही तेवढी त्यांची असू द्या.

सामना न पाहण्यामागे कमी दिसणं किंवा कमी ऐकू येणं हेही कारण असू शकतं, ते तपासून घ्या. जेवण, झोप, वजन काही आठवडे घटत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाच्या निदानासाठी किमान ६ महिन्यांचा काळ धरला आहे, पण मदत घ्यायला तेवढं थांबायची गरज नसते. जगणं नको असं बोलू लागले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न: पुस्तिका वाचणारे बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे आहेत. छपाईत काय पाहावं?

अक्षर १६ पॉइंटचं, ओळींमध्ये दीडपट अंतर, आणि चकाकी नसलेला कागद, कारण गुळगुळीत कागदावर दिव्याची तिरीप येते. मजकूर फोटोवर किंवा रंगीत पट्टीवर छापू नका. प्रत्येक फोटोखाली डावीकडून उजवीकडे नावं, वर्ष आणि संघ द्या. छपाईआधीचा कच्चा मसुदा दोन्ही घरी वाचायला पाठवा, आणि समोरच्या संघाच्या घरून आलेल्या दुरुस्त्या आधी करा.